महालक्ष्म्यांसमोरची फौज

माझा संग्रह कधीच माझ्या घरात नव्हता. संग्रह करणारी इतर माणसं मी पुढे इंटरनेटवर पाहिली. त्यांच्या काचेच्या कपाटांत दिवे लावलेले असतात, बाहुले न उघडलेल्या खोक्यांत उभे असतात आणि खोक्याचा एक कोपरा दुमडला तरी ही माणसं दिवसभर हळहळतात. माझी फौज लातूरला, आत्याच्या घरी, माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत राहायची. भाद्रपदात महालक्ष्म्या आल्या की तीन दिवस बाहेर यायची आणि मग पुन्हा पेटीत जायची. बाकी वर्षभर मी नांदेडला असायचे आणि ती तिकडे.

याचं कारण माझे बाबा. बाबा पत्रकं लिहितात. नोकरी होती तेव्हाही लिहायचे, आता निवृत्त झाल्यावर जास्त लिहितात. आमच्या घरात देव नव्हता, टीव्ही फार उशिरा आला, पण पत्रकं पलंगाखाली, ज्वारीच्या कोठीमागे, शिवणयंत्राच्या खणात, सगळीकडे होती. पाण्याची, रेशनची, हुंड्याची, बुवाबाजीची. मी शाळेत अक्षरं शिकले त्याच्या आधी ‘जाहीर निषेध’ हे दोन शब्द ओळखत होते, कारण ते सगळ्यात मोठ्या टायपात असायचे. उमरीच्या किंवा हिमायतनगरच्या बाजारात बाबा वाटायला निघायचे त्याच्या आदल्या दुपारी आम्ही मायलेकी जमिनीवर बसून घड्या घालायचो. आई म्हणायची, “घडी अशी घाल की मथळा वर दिसला पाहिजे. माणूस आधी मथळाच बघतो.” मला ते अजून आठवतं. मी आज जे काही लिहिते ते त्या घडीतून आलेलं आहे, आणि मला त्याची लाज नाही.

सिनेमा मी लातूरलाच पाहिला. उन्हाळ्याची सुट्टी होती. आत्याचे यजमान, ज्यांना आम्ही मामा म्हणायचो, ते मला आणि आत्याला घेऊन गेले. हिंदीत बोलणारा इंग्रजी सिनेमा. डोंगराखालचं राज्य, राखेचा राजा, त्याची नाक नसलेली फौज, दाढीत शेवाळ वाढलेला म्हातारा जादूगार. आणि एक बाई. तांब्याचं शिरस्त्राण घातलेली सेनापती. शेवटी सगळे राजपुत्र आपसांत भांडत बसतात तेव्हा ही बाई रानातल्या लोकांना, म्हाताऱ्याकोताऱ्यांना, बर्फातल्या खिंडीतून पलीकडे नेते. तलवार फार चालवत नाही. चालते आणि मागे वळून वळून बघते, कोण राहिलं का म्हणून. मी तिच्यावरून डोळे काढू शकले नाही. सिनेमा सुटल्यावर मामा म्हणाले, “काय कळलं न्हाई, पण घोडे चांगले होते.”

मामांचं गंजगोलाईत वह्या-पुस्तकांचं दुकान होतं. हैदराबादहून माल यायचा, त्यात कधी कधी ठोकवाला न मागितलेली खेळणीही घुसवायचा. त्या सिनेमाचे बाहुले असेच आले. वीतभर उंचीचे, गुडघे, कोपर, मान सगळं वळणारे. पोरांनी तलवारीवाले उचलले. एक नाक नसलेला शिपाई उरला, त्याची तलवार खोक्यातूनच हरवली होती. तो मामांनी मला दिला. तो माझा पहिला.

मी तो नांदेडला नेला. बाबांनी तो हातात घेतला, उलटा केला आणि तळव्यावर कोरलेली बारीक अक्षरं वाचली. मग मला जवळ बसवून म्हणाले, “ह्याच्या पायावर कंपनीचं नाव आहे. ह्याचे डोळे ज्या बाईनं रंगवले तिचं नाव कुठंय?” बाबांनी रागावून फेकून दिला असता तर मी चार दिवस रडून मोकळी झाले असते. पण बाबा फेकत नाहीत. ते म्हणाले, “तू ठरव.” आमच्या घरात यापेक्षा मोठी शिक्षा नव्हती.

बाबांचं म्हणणं मला तेव्हा पटलं आणि आजही पटतं. कुठल्यातरी दूरच्या कारखान्यात दिवसभर बाहुल्यांच्या बुबुळांवर ब्रश टेकवत बसलेली पोरगी मला त्या शिपायाच्या डोळ्यांत दिसायची. तरी तो मला हवा होता. खरं सांगायचं तर त्या पोरीनं रंगवलेला होता म्हणूनही हवा होता. ती काय करते ते बघायला तरी कुणी असावं की नाही?

पुढच्या सुट्टीत मी शिपाई आत्याकडे परत नेला. आत्या तांदूळ निवडत होती. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, “तुझ्या बापाचं आपलं कायतरी असतंयच. राहू दे माझ्यापाशी. लक्ष्म्यापुढं मांडू.”

मराठवाड्यात महालक्ष्म्यांसमोर आरास करतात हे इथल्या माणसाला सांगायला नको. थोरली आणि धाकटी, दोन्ही पितळी मुखवट्यांच्या, कोठ्यांवर साड्या नेसवून उभ्या करायच्या, पुढ्यात त्यांची दोन बाळं, वर करंज्या-पापड्यांचा फुलोरा, आणि समोर घरातलं असेल नसेल ते सगळं खेळणं मांडायचं. आत्याला मूल नव्हतं. घरात खेळणी नव्हती. लग्न होऊन आली तेव्हा ती मातीची फळं आणि चार काचेचे ससे मांडायची आणि शेजारणी “छान केलं हो” म्हणून लगेच उठायच्या. माझा शिपाई आला त्या वर्षी तिनं त्याला उसाच्या गुऱ्हाळावर बसवलं. काड्यापेटीचा चरक, उदबत्तीच्या काड्यांचा ऊस, आणि तलवार नसलेला तो राक्षस रस काढत बसलेला. गल्लीतल्या बाया हसून हसून बेजार.

“हे कोण हो आक्का, बिननाकाचं?”

“आमच्या पोरीचा पाव्हणा हाय. नांदेडास्नं आलाय.”

“नाक कुठं ठेवून आला?”

“बसमध्ये इसरला.”

तिथून ते सुरू झालं. मी जमेल तसे बाहुले मिळवायचे. मामांच्या दुकानातले, नांदेडला वजिराबादेतल्या दुकानांत धूळ खात पडलेले, पुढे कमवायला लागल्यावर ऑनलाइन मागवलेले. सगळे लातूरला जायचे. आत्या त्यांना कामाला लावायची. जादूगार कधी पारावर शाळा घ्यायचा, कधी वांगी विकायचा. राजपुत्रांना तिनं वऱ्हाडी केलं आणि रुसलेल्यांच्या पंगतीला बसवलं. सुरुवातीला मी चिडायचे. मला सिनेमातल्यासारखं हवं असायचं, जो जिथे होता तिथेच. आत्या खोकं फाडायची तेव्हा मी तोंड फिरवायचे. एकदा मी म्हटलं, “आत्या, खोक्यासकट मांडू या ना.” ती म्हणाली, “देवीपुढं बंद डबा ठेवत्यात का कधी? आतलं दिसलं पायजे तिला.” हळूहळू मला कळलं की माझ्यापेक्षा ती त्यांना जास्त ओळखते. कुणाचा गुडघा सैल, कुणाची मान डावीकडे जात नाही, कुणाला टेका लागतो. मेणाची बारीक गोळी टाचेखाली लावून ती कुणालाही उभं करायची.

एक नियम मात्र होता आणि तो तिनं मला पहिल्याच वर्षी सांगितला होता. लक्ष्म्यांपुढे मांडलेली वस्तू लक्ष्म्यांची होते. ती परत न्यायची नाही, कुणाला द्यायची नाही. विसर्जनानंतर पुसून पेटीत, पुढच्या वर्षी पुन्हा बाहेर. मी पत्रकांच्या घरातली. मला वाटलं, देवीची म्हणजे शेवटी आत्याचीच की. ती पेटी आत्याच्या माळ्यावर, तिची किल्ली आत्याच्या कमरेला. देवी थोडीच येऊन पेटी उचलून नेणार आहे?

सेनापती मिळायला फार वर्षं गेली. कंपनीनं सगळ्यांचे बाहुले खंडीभर काढले, राखेच्या राजाचे तर तीन-चार पोशाखांत काढले, आणि जिच्यामुळे गोष्ट पलीकडे पोचते तिचे मात्र अगदी थोडे. नांदेडचा एक दुकानदार मला म्हणाला, “ताई, पोरं बाईचा बाहुला घेत न्हाईत. आन् पोरींना तलवार नको असती.” मी त्याला म्हटलं, “मी पोरगीच आहे.” तो म्हणाला, “तुमी येकल्याच.” शेवटी कुणीतरी जुनी विकायला काढलेली मला सापडली. शिरस्त्राणाचा रंग उडालेला, एक पाय सैल. मी ती पिशवीत घालून लातूरच्या बसमध्ये बसले आणि लोहा, अहमदपूर, चाकूर येईपर्यंत पिशवी मांडीवरून खाली ठेवली नाही.

आत्यानं तिला हातात घेऊन उजेडात धरलं. “हीच का ती? लई बारीक हाय की.” मग पदरानं तिचं तोंड पुसलं. “चालून चालून वाळली असंल.”

त्यानंतर दोनेक वर्षांनी मामा गेले. दुकानातच, शटर उघडताना. त्या वर्षी घरात महालक्ष्म्या आल्या नाहीत. वर्षाच्या आत सण करत नाहीत, म्हणून कुणी काही बोललं नाही. पुढच्या श्रावणात मी कामासाठी लातूरला होते, आत्याकडेच उतरले होते. आत्या दोन दिवस माळ्याकडे बघत होती. मला म्हणाली, “अवंदा डोंगर करायचा मनात हाय. तुझ्या त्या शिनेमातला. बर्फाचा.” मामा गेल्यापासून तिच्या तोंडून ‘करायचंय’ हा शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. ती जुनी गादी उसवून कापूस पिंजत बसली होती तेव्हा तिचे दीर आणि जाऊ आले.

चहा झाला. दीर कपाकडे बघत म्हणाले, “वैनी, लक्ष्म्या ह्या सालापास्नं आमच्याकडं उभ्या करू म्हणलो.”

आत्या म्हणाली, “का बरं? मी करलालेच की. कापूस बी पिंजला.”

जाऊ म्हणाली, “आक्का, तुमी कामाला कुठं कमी हाव का? पण साडी नेसवायला, वटी भरायला सवाशीण लागती ना.”

मी म्हटलं, “कुठं लिहिलंय असं?”

दीर हसले. वाईट हसले असं मी म्हणणार नाही, ते नेहमी तसेच हसतात. “बाई, तू नांदेडची. तुमच्याकडं देवच न्हाई, तर तुला काय लिवलेलं दावावं?”

आत्यानं कापसातली एक सरकी काढून बाजूला ठेवली. मग ती म्हणाली, “साडी नेसवायला तू येत जा की धाकटे. वटी तू भर. मी निस्ती आरास करते.”

“एका घरच्या लक्ष्म्या दोन घरी कशा करायच्या आक्का?” जाऊ म्हणाली. “आन् हळदी-कुंकवाला बाया येणार. इथं यायला कचरत्यात त्या. तुमाला वाईट वाटाया नको म्हणून बोलत न्हाईत.”

ही जाऊ दुष्ट बाई नाही. मामांच्या आधीच्या एका आजारपणात दवाखान्यात डबा तिनंच पुरवला होता. म्हणूनच मला जास्त संताप आला. दुष्ट माणसाशी भांडता येतं. जिला मनापासून वाटतं की आपण समोरचीला अपमानापासून वाचवतोय, तिच्याशी कुठल्या शब्दांत भांडायचं?

मुखवटे, कोठ्या, साड्या, बाळं, सगळं खाली रिक्षात गेलं. मग दीरांनी माळ्यावरून पेटी उतरवली.

“ती नको,” मी म्हटलं. “त्यात माझे बाहुले आहेत.”

दीर थांबले. आत्याकडे बघितलं. तिनं फक्त एक शब्द बोलायचा होता. ती म्हणाली, “मांडलेलं परत घेत नसतेत, माय. जाऊ दे.” आणि कमरेची किल्ली काढून जावेच्या हातावर ठेवली.

माझं दुःख होतंच, वर्षानुवर्षं जमवलेलं डोळ्यांदेखत जिन्यावरून खाली गेलं होतं. पण पेटी गेल्यावर आत्या जशी बसली ते बघून मला माझ्या बाहुल्यांचं बोलवेना. तिला देव्हारा नको होता, मान नको होता. वर्षातून एकदा आपल्या हातानं ते जग मांडायचं, आणि बायांनी त्यापुढे बसून हसायचं, एवढंच तिचं होतं. बाकी ती त्या घरात कायम कुणाची तरी कुणीतरी होती. आरास तेवढी तिची स्वतःची होती.

नांदेडला परत आल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. बाबांनी विधवांच्या प्रश्नावर जितकं लिहिलंय तितकं आमच्या भागात फार कुणी लिहिलं नसेल. बांगड्या फोडण्यावर, कुंकू पुसण्यावर, शुभकार्यात मागे बसवण्यावर. त्यांच्या सख्ख्या बहिणीवर वेळ आली होती. मला वाटलं, हे आजच्या आज बसमध्ये बसतील.

बाबांनी चष्मा पुसला. “एका अर्थानं बरंच झालं,” ते म्हणाले. “सुटली ती त्यातून.”

“सुटली नाही बाबा. तिला काढलं.”

“मूर्तीपुढं कोण बसणार ह्याच्यासाठी मी भांडू? जी गोष्ट नकोच म्हणून आयुष्यभर लिहिलं, तीत वाटा मागायचा?”

“तुम्हाला नको असेल. तिला हवं आहे.”

“तिला काय हवं ते तिला शिकवलं गेलंय.”

“आणि तुम्हाला? तुम्हाला कुणी शिकवलं नाही?”

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “जाऊन तर या. भांडू नका. निस्तं बसून या बहिणीपाशी.” बाबा म्हणाले, लेख लिहितो. त्यांनी खरंच लिहायला घेतला. मी त्या टेबलाकडे पाठ करून बसले होते आणि माझ्या मागे पेनाचा आवाज येत होता. मला ज्या माणसानं शब्द दिले त्या माणसाचे शब्द मला पहिल्यांदाच नकोसे झाले.

मग मी माझं पत्रक लिहिलं. मी दुसरं काय करणार? मथळा मोठा, वाक्यं छोटी. गल्लीत घरोघर वाटायचं ठरवून छापायला टाकण्याआधी मी ते आत्याला दाखवायला नेलं. तिनं खिडकीशी बसून सावकाश वाचलं. दोन्ही बाजूंनी वाचलं.

“समदं खरं हाय,” ती म्हणाली. “पण ह्यात ‘विधवा, विधवा’ किती वेळा लिवलंय गं. गल्लीत अजून तसं कुणी माझ्या तोंडावर म्हणलेलं न्हाई. आन् आराशीचं ह्यात कुठंच न्हाई.”

मी कागद घडी करून पिशवीत टाकला. मथळा आत गेला होता.

महालक्ष्म्या यायच्या चार दिवस आधी, मी अजून लातूरलाच असताना, जावेचा फोन आला. आत्यानं स्पीकर लावला, तिला फोन कानाशी धरायचा कंटाळा आहे.

“आक्का, पेटी उघडली तर काय सुधरंना बगा. उभंच राहत न्हाईत ते. आन् सोसायटीतल्या बाया आत्तापास्नंच इचारलालेत, ती बिननाकवाल्याची आरास तुमच्याकडंच का म्हणून. तुमी येऊन मांडून द्याल का? लक्ष्म्या यायच्या दिवशी सकाळी या. त्या आत यायच्या आदी होऊन जाईल.”

मी हातानं ‘नाही’ म्हणत होते. आत्या माझ्याकडे बघत फोनला म्हणाली, “येते की. कापूस बी आणते.”

फोन ठेवल्यावर मी म्हटलं, “मांडायला पाहिजेस, आणि त्या आत यायच्या आधी तू बाहेर. कळतंय ना तुला?”

“मला न कळायला काय झालं?”

“मग नको जाऊस. पडू देत सगळे उताणे. कळू दे त्यांना.”

“पडल्यावर त्यांचे गुडगे मोडत्यात,” आत्या म्हणाली. “त्यांनी काय केलंय?”

जावेचा फ्लॅट औसा रोडला आहे, नवी इमारत, लिफ्ट अजून बसलेली नाही. कापसाचं बोचकं घेऊन आम्ही जिना चढलो. हॉलमध्ये पेटी उघडी पडली होती. बाहुले गुंडाळायला मी दरवर्षी बाबांची उरलेली पत्रकं नेत असे. जावेनं ती सगळी काढून चुरगाळून कोपऱ्यात लोटली होती आणि झाडूवाली ती गोळा करत होती. मी तिकडे बघायचं नाही असं ठरवलं.

आत्या बसली आणि कामाला लागली. स्टूल, पाट, उशा, त्यावर गोणपाट, त्यावर कापूस. खाली टिकल्यांचा बर्फ. दुपार टळेपर्यंत तिथे डोंगर उभा राहिला आणि त्यात वळत जाणारी खिंड. सगळ्यांना तिनं त्या वाटेवर लावलं. पुढे सेनापती, मान मागे वळवलेली. मागे जादूगार, डोक्यावर भाकरीचं गाठोडं. राजपुत्र, त्यांच्या पाठीवर बाळांसारखे बांधलेले काचेचे ससे. आणि शेवटी नाक नसलेले शिपाई.

“आत्या, हे तर शत्रू आहेत,” मी म्हटलं. “हे तिच्या मागे लागलेले असतात.”

“असू देत. थंडी समद्यांनाच वाजती.”

जावेची सून, दीर, शेजारच्या दोघी, सगळे हॉलच्या दारात उभे राहून बघत होते. मग सून मोबाइल घेऊन आली आणि समोरून, डावीकडून, उजवीकडून, वाकून जवळून, फोटो काढत सुटली. जाऊ खूश होती. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, मी खोटं लिहिणार नाही.

“आक्का, तुमच्या हाताला देवानंच दिलंय. आता पुढल्या साली तुमाला एवढे जिने चढायचा तरास न्हाई. फोटो बगून बगून आमीच मांडू.”

मी आत्याचा दंड धरला. मला वाटलं, आता तरी. आत्यानं सुनेच्या हातातला मोबाइल बघितला, एक फोटो, दुसरा फोटो.

“फोटोत मागली बाजू येत न्हाई,” ती म्हणाली. “हिकडं ये.”

आणि तिनं त्या पोरीला आराशीच्या मागे नेलं आणि सगळं दाखवलं. पाटाखाली वीट कुठे लावायची. कापूस ओला करून मग वाळवला की कडा कशा धरतात. कुणाच्या टाचेला मेण, कुणाच्या पाठीला खराट्याची काडी. सेनापतीचा सैल पाय आधी पुढे नेऊन मग कसा मागे घ्यायचा, म्हणजे तो तिथेच थांबतो. पोरगी व्हिडिओ करत होती. आत्या एकेक गोष्ट दोनदा सांगत होती. मला ओरडावंसं वाटत होतं, अगं एवढं तरी ठेव स्वतःजवळ, एक मेणाची गोळी तरी! पण तिला ते सुचतच नव्हतं. ते नीट उभं राहावं एवढंच ती बघत होती.

मग दीर दारातून म्हणाले, “वैनी, टायम होऊ लालाय.”

आत्यानं हात धुतले. जावेनं दोघींना चहा दिला, उद्या जेवायला यायचं आवर्जून सांगितलं, आणि म्हणाली, “दुपारून या, पंगती उठल्यावर. निवांत बसू.” उंबऱ्यापासून आत रांगोळीची पावलं काढायला सून बसली होती. आम्ही भिंतीच्या कडेनं बाहेर आलो.

जिन्यात शेजारच्या बाया हळदी-कुंकवाचं ताट आणि वाजवायची थाळी घेऊन वर येत होत्या. आम्हाला बघून त्या मधल्या मजल्यावर थांबल्या. एकीनं ताटावर पदर ओढला. आम्ही खाली उतरून गेल्यावर त्या पुन्हा चढू लागल्या.

रस्त्यावर आल्यावर आत्या थांबली.

“उजव्या अंगाच्या डोंगराला टेका द्यायचा राहिला गं,” ती म्हणाली. “उद्यापतुर बसंल खाली. सांगून येऊ का?”

मी वर बघितलं. खिडकीतून थाळीचा आवाज यायला लागला होता. लक्ष्म्या आत येत होत्या. आत्यानंही तो ऐकला, आणि पदर डोक्यावर नीट घेऊन ती औसा रोडवरून येणाऱ्या रिक्षांकडे बघू लागली. पहिल्या दोन भरलेल्या होत्या.